कॅरिबियन क्रूझ: बॅगेत काय होतं आणि काय कामी आलं

एप्रिलमध्ये आम्ही तिघं, म्हणजे मी, नवरा आणि माझी मावशी, मायामीहून जहाजाने निघालो आणि जमैका, ग्रँड केमन, कोझुमेल ही बेटं करून परत मायामीलाच उतरलो. एप्रिल मुद्दाम निवडला होता. कॅरिबियनमधला चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर मानतात. त्याआधीचे महिने कोरडे असतात, दिवसा हवा तिशीच्या आसपास आणि समुद्राचं पाणी २६-२७ अंश. त्यामुळे गरम कपड्यांचा प्रश्न मिटला असं वाटतं. तो मिटत नाही, ते पुढे येईलच.

क्रूझला काय न्यायचं याच्या याद्या ढिगाने मिळतात आणि जवळजवळ सगळ्या ‘किती जोड कपडे’ इथूनच सुरू होतात. मला विचाराल तर कपड्यांचा हिशेब सगळ्यात शेवटी करावा. या प्रवासात मोठी बॅग दोन वेळा आपल्या ताब्यातून जाते, एकदा चढताना आणि एकदा उतरण्याच्या आदल्या रात्री. मधल्या प्रत्येक बंदरावर आपण केबिनपासून पाच-सहा तास लांब असतो. तेव्हा कुठली वस्तू कुठल्या वेळी हाताशी लागणार, हे आधी ठरवायचं आणि मग बॅगा भरायला बसायचं.

कागदपत्रांचं काम मी माझ्याकडे घेतलं. व्हिसा मल्टिपल एन्ट्रीचा आहे ना, हे तिघांच्याही पासपोर्टवर डोळ्यांनी पाहून घेतलं. जहाज अमेरिकेतून सुटून अमेरिकेतच परत येणार असलं तरी मधल्या काळात आपण देशाबाहेर गेलेलो असतो आणि परतताना नव्याने प्रवेश घ्यावा लागतो. सिंगल एन्ट्रीवाल्याची पंचाईत होते ती इथे.

दिवस पहिला: मायामी

टर्मिनलसमोर गाडी थांबली की पोर्टर येतात. केबिन नंबर छापलेले टॅग घरूनच बॅगांना लावून न्यायचे, बॅगा त्यांच्या हवाली करायच्या आणि विसरायच्या. त्या दिसतात थेट संध्याकाळी, केबिनच्या दाराशी. आमच्या साडेपाचला आल्या. समोरच्या केबिनमधल्या कुटुंबाच्या रात्रीचं जेवण झालं तरी आल्या नव्हत्या.

तोवर आपण दुपारी बारालाच जहाजावर पोचलेलो असतो. वर डेकवर ऊन मी म्हणत असतं, पोहण्याचा तलाव समोर असतो, केबिन अजून उघडलेली नसते आणि निम्मे लोक जाड जीन्समध्ये घाम पुसत बसलेले असतात. त्यामुळे खांद्यावरच्या बॅगेत पोहण्याचे कपडे, एक सुती जोड, चपला, गॉगल आणि सनस्क्रीन हवंच. पासपोर्ट, चार्जर आणि सगळी औषधंही तिथेच. मावशीने तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या, मूळ पाकिटासकट आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, स्वतःच्या पर्समध्ये ठेवल्या होत्या. मोठ्या बॅगेत ठेवू का, असं नवऱ्याने विचारलं तर म्हणाली, “बॅग उशिरा आली तर माझं बीपी काय तिची वाट बघत थांबणार आहे?”

एक्स-रे यंत्राच्या पलीकडे एक लांब टेबल होतं. त्यावर प्रवासी इस्त्र्या, छोटी किटली, सुगंधी मेणबत्त्या आणि गुंडाळलेले एक्स्टेन्शन बोर्ड असा सगळा जप्त माल मांडून ठेवलेला. त्यात आमचाही बोर्ड जाऊन बसला. तपासणाऱ्याने तो उलटा केला, मागच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं, ‘सर्ज प्रोटेक्टर’ (म्हणजे विजेचा दाब अचानक वाढला तर उपकरणं वाचवणारा), केबिन नंबरची चिठ्ठी लावली आणि पावती दिली. नवरा इलेक्ट्रॉनिक्समधला, त्यामुळे त्याला ते फार लागलं. “अरे, हा तर सुरक्षेसाठीच असतो!”

जमिनीवर असतो, खरं आहे. घरातल्या वायरिंगमध्ये दोनपैकी एक तार, न्यूट्रल, जमिनीशी जोडलेली असते. जहाजावर बहुतेक ठिकाणी तसं नसतं, दोन्ही तारांत वीज खेळत असते. साधा सर्ज प्रोटेक्टर हे गृहीत धरून बनवलेलाच नसतो. बिघाड झाला की तो दोनपैकी एकच तार तोडतो, दुसरी चालूच राहते आणि तो तापून पेटू शकतो. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २०१३ मध्ये यावर खास इशारा काढला होता. जहाजावर आगीइतकी धास्ती कशाचीच नसते, म्हणून इस्त्री, कपड्यांचा स्टीमर, किटली, मेणबत्ती सगळंच बंद. इस्त्री नाही म्हटल्यावर कपडे निवडताना एकच कसोटी लावायची. कापड मुठीत चुरगळून सोडून बघा, सुरकुती राहिली तर ते घरीच ठेवा. चार्जिंगसाठी मी साधा, चार यूएसबी तोंडांचा चार्जर घेतला होता, तो बिनबोभाट पास झाला. केबिनमध्ये टेबलाशी दोन अमेरिकन सॉकेट आणि एक गोल पिनचं युरोपीय सॉकेट होतं. तिघांचे फोन, दोन घड्याळं आणि कॅमेरा एवढ्यावर भागवायचं.

जहाज सुटण्याआधी सुरक्षेची कवायत असते. सात लहान भोंगे आणि एक लांब भोंगा ऐकला की आपापल्या ठरलेल्या जागी जमायचं. १३ जानेवारी २०१२ ला इटलीच्या जिल्यो बेटाजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आपटली, ३२ माणसं गेली. त्याच दिवशी चढलेल्या अनेक प्रवाशांची कवायत तोवर झालेलीच नव्हती, कारण तेव्हाच्या नियमात ती चोवीस तासांत उरकली तरी चालत होती. २०१५ पासून ती सुटण्याआधी किंवा सुटल्याबरोबर घ्यावीच लागते. कवायतीत सांगतात की खरा भोंगा झाला तर नेहमीची औषधं, अंगभर कपडे आणि पायात बूट असू द्या. मी त्या रात्री तिघांचेही बंद बूट पलंगाच्या कडेला, चष्मे आणि गोळ्या उशाशी लावून ठेवल्या. मावशी हसली, पण तिने चष्मा तिथून हलवला नाही.

केबिन म्हणजे तीन माणसं एका वेळी उभी राहिली तर एकाला पलंगावर बसावं लागेल एवढी. भिंती वरून वॉलपेपरच्या, आतून पोलादी. त्यामुळे लोहचुंबकाचे हूक, जे मी अर्धा डझन नेले होते, पटापट चिकटले. टोप्या, पिशव्या, जहाजाकडून रोज येणारा कार्यक्रमांचा कागद, सगळं भिंतीवर गेलं आणि टेबल मोकळं राहिलं. सगळ्या बॅगेत वजनाच्या मानाने सर्वांत जास्त उपयोग झाला तो या हुकांचा. आमची केबिन आतली, बिनखिडकीची होती. दिवा घालवला की डोळ्यात बोट घातलं तरी दिसू नये असा अंधार. बॅटरीवर चालणारा छोटासा दिवा बाथरूममध्ये लावून ठेवला, म्हणून मावशी रात्री न धडपडता उठू शकली.

सूर्यास्ताच्या सुमारास जहाज खुल्या समुद्रात आलं आणि डेकवर टोप्या उडायला लागल्या. जहाजाचा वेग वीस नॉट म्हणजे ताशी ३७ किलोमीटर, आणि वारा समोरून असला तर तो त्यात मिळवायचा. रुंद काठाची टोपी हवी हे सगळेच सांगतात. हनुवटीखाली बांधायची दोरी हवी, हे डेकवर गेल्यावर कळतं. आमच्या दोन हात पुढची एक सुंदर वेताची टोपी कठड्यावरून पाण्यात गेली.

दिवस दुसरा: समुद्रात

क्यूबाला वळसा घालून जहाज दक्षिणेला चाललं होतं. दुपारनंतर, क्यूबा आणि हैतीच्या मधल्या विंडवर्ड पॅसेजमध्ये, लाटा कडेने यायला लागल्या. एवढ्या मोठ्या जहाजाला बाजूंनी पंखासारखे स्टॅबिलायझर असतात, त्यामुळे हेलकावे मंद लागतात, पण ज्याला बोट लागते त्याला तेवढे पुरतात.

नवऱ्याला लागते. त्याने मेक्लिझिनची गोळी सकाळीच घेतली होती. ही गोळी मळमळायला लागल्यावर घेऊन फारसा फायदा नाही, हालचाल सुरू होण्याच्या तासभर आधी पोटात गेलेली बरी. प्रोमेथाझिननेही काम होतं, पण झोप इतकी येते की दिवस वाया. शेजारच्या टेबलावरच्या बाईंच्या कानामागे स्कोपोलामिनचा पॅच होता. तो एकदा लावला की तीन दिवस चालतो, मात्र निदान चार तास आधी लावावा लागतो आणि लावल्यावर हात स्वच्छ धुवावे लागतात. त्याच हाताने डोळा चोळला तर बाहुली मोठी होते आणि धूसर दिसायला लागतं. काचबिंदू असणाऱ्यांनी आणि वयस्करांनी यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. मावशीसाठी आम्ही गोळी आणलीच नव्हती, तिच्यासाठी केबिन निवडतानाच खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्यावरची घेतली होती. तिथे हेलकावा सगळ्यात कमी.

आणि हात धुण्याचं म्हणाल तर, हॅन्ड सॅनिटायझरची बाटली खुशाल घ्या, पण तिच्यावर विसंबू नका. जहाजांवर पोटाच्या साथी पसरवतो तो नोरोव्हायरस, आणि त्याला सॅनिटायझर नीट पुरा पडत नाही. साबण आणि पाणी हाच उपाय. जेवणघराच्या दाराशी म्हणूनच बेसिनं असतात.

रात्री ‘फॉर्मल नाइट’, म्हणजे नटूनथटून जेवायला जायची रात्र. सक्ती नसते, पण मुख्य जेवणघरात हाफ पँट आणि रबरी चपला घालून गेलं तर दारातून परत पाठवतात. नवऱ्याने एक गडद पँट, एक कोट आणि दोन शर्ट एवढ्यावर सगळ्या संध्याकाळी काढल्या. मी न चुरगळणारा एक काळा ड्रेस आणला होता आणि त्यावर फिरवायला दोन वेगवेगळ्या ओढण्या. रोज तीच माणसं भेटतात, पण कोण काय घालून आलं होतं हे कुणाच्याही लक्षात राहत नाही. उगाच पाच-सहा भारी पोशाख घेऊन जाण्यात अर्थ नाही.

आता ते गरम कपड्यांचं. नाटकगृहात एसी इतका कडक होता की मावशीने पहिल्या दहा मिनिटांत शाल काढली आणि शेवटपर्यंत ती माझ्या-तिच्या दोघींच्या अंगावर होती. बाहेर तीस अंश, आत जेमतेम वीस. शाल किंवा पातळ स्वेटर मोठ्या बॅगेच्या तळाशी नको, रोज संध्याकाळी हातात हवा.

दिवस तिसरा: ओचो रियोस, जमैका

गँगवेवर, म्हणजे जहाजातून धक्क्यावर जायच्या पुलावर, उतरण्याआधी एका तरुणाला सुरक्षारक्षकाने बाजूला घेतलं. त्याची हाफ पँट लष्करी छापाची होती, हिरवी-तपकिरी ठिपक्यांची. जमैकात सामान्य नागरिकांना तो छाप अंगावर घालायला कायद्याने बंदी आहे. बार्बेडोस, सेंट लुसिया, त्रिनिदाद, ग्रेनाडा, अँटिग्वा इथेही तेच. तो पोशाख तिथे फक्त सैनिकांचा. टोपी, पिशवी, लहान मुलांचे कपडे यांनाही सूट नाही. बिचारा परत वर जाऊन बदलून आला. या भागात जाणार असाल तर असलं काही बॅगेत टाकूच नका.

आम्ही डन्स रिव्हर फॉल्सला गेलो. हा धबधबा थेट समुद्रकिनाऱ्यावर उतरतो आणि लोक खालून, वाळूवरून, वर चढत जातात. जवळजवळ १८० मीटर लांबीची पायऱ्या-पायऱ्यांची चढण, सगळी वाहत्या पाण्यातून. अनोळखी माणसं एकमेकांचे हात धरून साखळी करतात, पुढे वाटाड्या. दगड चुनखडीचे, वर पाणी. रबरी तळव्याचे पाण्यातले बूट लागतातच, नसले तर भाड्याने घ्यावे लागतात, आणि भाड्याचे बूट कोणाच्या मापाचे असतील ते त्यांनाच ठाऊक. पाण्यातले बूट घेताना एक बघायचं, टाच मागून घट्ट आवळली पाहिजे. नुसत्या पाय सरकवायच्या फ्लोटर्समधून आमच्या साखळीतल्या एकाचा पाय दोनदा निसटला. मावशी चढली नाही. कडेने लाकडी जिना आहे, त्यावरून ती आमच्याबरोबर वर येत राहिली आणि प्रत्येक वळणावर “खाली बघ, फोटो नंतर!” असं ओरडत राहिली.

फोनसाठी गळ्यात अडकवायचा वॉटरप्रूफ पाऊच घेतला होता. तो नवा असला तर आधी घरी आत कोरडा कागद घालून, बादलीत बुडवून रात्रभर ठेवा. आम्ही दोन आणले होते, त्यातल्या एकातला कागद सकाळी ओला निघाला, तो गेला कचऱ्यात.

साध्या मनगटी घड्याळाची किंमतही इथेच कळली. आमच्या जहाजाने सगळ्या प्रवासात मायामीचीच वेळ ठेवली होती. मायामीत मार्चपासून घड्याळ तासाने पुढे असतं, जमैकात बाराही महिने बदलत नाही. किनाऱ्यावरचं नेटवर्क मिळालं की फोन आपणहून जमैकाची वेळ दाखवायला लागतो, म्हणजे जहाजापेक्षा तासाने मागे. फोनवर विसंबून ‘अजून वेळ आहे’ म्हणत फिरणारा माणूस धक्क्यावर पोचेपर्यंत जहाज सुटलेलं असतं, आणि स्वतःहून फिरायला गेलेल्यांसाठी जहाज थांबत नाही. मावशीचं किल्लीचं जुनं घड्याळ कुठल्याच नेटवर्कचं ऐकत नव्हतं. तिन्ही बंदरांवर आम्ही तेच बघून परतलो. समुद्रात असताना फोन एअरप्लेन मोडवर ठेवायचा, नाहीतर तो जहाजाच्या स्वतःच्या मोबाइल नेटवर्कला जोडला जातो आणि रोमिंगचं बिल डोळे पांढरे करतं.

दिवस चौथा: ग्रँड केमन

इथे मोठ्या क्रूझ जहाजांना लागायला धक्काच नाही. तसा बांधावा का, याचं सार्वमत २०२५ मध्ये झालं आणि लोकांनी नको म्हटलं. जहाज जॉर्ज टाउन या तिथल्या मुख्य शहराच्या बाहेर नांगर टाकतं आणि छोट्या टेंडर बोटींनी किनाऱ्यावर जायचं. बोटीची रांग, चढणं, उतरणं यात बराच वेळ जातो, त्यामुळे ‘टोपी राहिली, पटकन घेऊन येते’ हा प्रकार नाही. बोट हलत असताना चढायचं असल्याने दोन्ही हात मोकळे हवेत. खांद्याला लटकणारी झोळी इथे कामाची नाही, पाठीवरची छोटी सॅक हवी. आमच्या सॅकमध्ये जहाजाचे टॉवेल होते (हे जहाजच देतं, घरून आणायची गरज नाही, फक्त परत केले नाहीत तर पैसे लावतात), पाण्याच्या बाटल्या, एकेक कोरडा जोड, ओल्या कपड्यांसाठी झिपची मोठी पिशवी आणि एक-एक डॉलरच्या सुट्या नोटा. अमेरिकी डॉलर तिन्ही बंदरांवर चालतात, पण मोठी नोट दिली की सुटे मिळतात ते बहुतेक स्थानिक चलनात.

स्टिंगरे सिटीच्या वाळूच्या दांड्यावर बोट थांबते. भर समुद्रात कमरेइतकं पाणी आणि पायांभोवती भले मोठे स्टिंगरे, म्हणजे शेपटीला काटा असलेले चपटे मासे. पूर्वी कोळी या शांत पाण्यात मासे साफ करून आतडी टाकायचे, त्या वासावर हे यायला लागले आणि मग बोटीचा आवाज म्हणजे खाणं असं त्यांचं समीकरणच झालं. चालताना पाय उचलायचा नाही, वाळूवरून घसटत न्यायचा, म्हणजे वाळूत लपलेल्याच्या पाठीवर पाय पडत नाही आणि शेपटीचा काटा लागत नाही. अंगठ्या, बांगड्या काढून ठेवायच्या.

खरा धोका मात्र वरून असतो. दोन तास कमरेइतक्या पाण्यात, मान खाली घालून. मानेची मागची बाजू आणि खांदे भाजून निघतात आणि पाणी गार असल्याने तेव्हा काहीच कळत नाही. सनस्क्रीनच्या आकड्यांवरून नवऱ्याची आणि माझी घरी चर्चा झाली होती. एसपीएफ ३० साधारण ९७ टक्के यूव्हीबी, म्हणजे त्वचा भाजणारी किरणं अडवतं, ५० साधारण ९८ टक्के. तेव्हा शंभरच्या आकड्यामागे धावण्यापेक्षा दर दोन तासांनी पुन्हा लावणं महत्त्वाचं. ‘वॉटर रेझिस्टन्ट’ लिहिलेलं असलं तरी ते ४० किंवा ८० मिनिटांपुरतंच, बाटलीवरच छापलेलं असतं. मी मात्र अर्ध्याहून जास्त भिस्त कापडावर ठेवते. पूर्ण बाह्यांचा, यूपीएफ ५० चा (यूपीएफ म्हणजे जणू कापडाचा एसपीएफ) पोहण्याचा टी-शर्ट किरणांचा पन्नासावा भाग तेवढा आत येऊ देतो, आणि तो दर दोन तासांनी लावावा लागत नाही. तीन माणसांचे तीन टी-शर्ट आणले म्हणून क्रीमच्या दोन बाटल्या कमी लागल्या. बोटीवर एका जाडजूड गृहस्थाची पाठ परतताना टरबुजासारखी लाल झाली होती, त्याला बसताना टेकताही येईना.

रात्री केबिनमध्ये ओल्या कपड्यांचा प्रश्न उभा राहिला. एसीमुळे हवा गार, पण बाथरूम कोंदट. सुती कपडे तिथे दोन दिवस ओलेच राहतात. पोहण्याचे आणि पटकन वाळणारे सिंथेटिक मात्र पिळून, मग कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून वर पाय देऊन दाबले की रात्रभरात वाळतात. काही जहाजांवर स्वतः कपडे धुवायची यंत्रं असतात, आमच्या जहाजावर नव्हती. मावशीने पर्समधून सुतळीचं बंडल काढलं, शॉवरच्या दांडीपासून दारावरच्या चुंबकी हुकापर्यंत ताणलं आणि घट्ट केलं. “सुतळी कोण आणतं क्रूझवर?” नवरा म्हणाला. त्याचे स्वतःचे मोजे तेव्हा त्याच सुतळीवर वाळत होते.

दिवस पाचवा: कोझुमेल, मेक्सिको

कोझुमेलभोवतीचं प्रवाळ हे मेसोअमेरिकन रीफचा भाग आहे, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफनंतरची जगातली सर्वांत लांब प्रवाळरांग. १९९६ पासून तिथलं राष्ट्रीय उद्यान आहे. आम्ही स्नॉर्केलिंगला गेलो तेव्हा गाइडने बोटीवर चढतानाच सांगितलं, पाण्यात उतरण्याआधी कुणीही सनस्क्रीन लावायचं नाही. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही द्रव्यं प्रवाळाला घातक मानतात. अमेरिकन व्हर्जिन आयलंड्समध्ये ती असलेली क्रीम २०२० पासून विकायलाही बंदी आहे, अरुबा आणि बोनेर इथेही तसेच नियम आहेत. जिथे सनस्क्रीन चालतं तिथे झिंक ऑक्साइडचं पांढरं, जाडसर क्रीम न्यावं. चेहरा पिठात घातल्यासारखा दिसतो, पण हरकत नाही. पूर्ण बाह्यांचे टी-शर्ट इथे दुसऱ्यांदा उपयोगी पडले. स्वतःचा मास्क न्यावा का? चष्मा लागत असेल तर नंबरचा मास्क जरूर न्या, एरवी भाड्याचा पुरतो.

दुपारी सान हेर्वासिओला गेलो. बेटाच्या मध्यावर, जंगलात, माया लोकांच्या देवळांचे अवशेष, इश्चेल या देवीचं तीर्थक्षेत्र. समुद्रावर वारा असतो म्हणून डासांची आठवण होत नाही, आत झाडीत गेलं की ते झुंडीने येतात. सनस्क्रीन आधी, ते मुरलं की त्यावर डासांचं औषध, असा क्रम ठेवायचा. पायात बंद बूट आणि मोजे, अंगात पातळ लांब पँट. पोहण्याच्या कपड्यांवर आलेल्यांचे पाय अर्ध्या तासात फोडांनी भरले होते. मावशी सावलीत बसून पंखा घेत होती. पंखा बॅटरीचा, मानेत अडकवायचा. तो मी आणला तेव्हा मला ते खूळ वाटलं होतं, पण तिथे शेजारच्या दोन बायका तिच्याजवळ सरकून बसल्या.

जाता जाता, ई-सिगरेट ओढणाऱ्यांनी ती कोझुमेलला उतरताना जहाजावरच ठेवावी. मेक्सिकोत ती आणायला बंदी आहे.

दिवस सहावा: पुन्हा समुद्र

आराम. वाचन. आणि दुपारपासून आवराआवर, कारण मोठी बॅग रात्री अकराच्या आत टॅग लावून दाराबाहेर ठेवायची असते. ती रात्रीतून गोळा होते आणि दुसऱ्या दिवशी टर्मिनलमध्येच मिळते.

मी आधी दुसऱ्या दिवशीचे कपडे, आतले कपडे आणि बूटसुद्धा, खुर्चीवर मांडले आणि मगच बॅगा बंद केल्या. नवरा म्हणाला, हे काय लहान मुलासारखं. सकाळी लिफ्टमध्ये एक गृहस्थ जहाजाच्या पांढऱ्या स्लिपर्स आणि झोपायच्या पँटमध्ये भेटले. त्यांची बायको पुढे बघत उभी होती, एक अक्षर बोलत नव्हती.

आवरताना न वापरलेलं काय निघालं ते सांगते. हेअर ड्रायर, कारण केबिनमध्ये होताच. घरचा मोठा टॉवेल, मावशीने माझं न ऐकता आणलेला. नवऱ्याची दुसरी जीन्स. दमट हवेत जीन्स पहिल्या दिवसानंतर कुणी घातलीच नाही. माझ्या उंच टाचांच्या सॅन्डल, हलत्या जहाजावर जेवणघरापर्यंतही नेल्या नाहीत, सपाट चपलांवर भागलं. पादत्राणांचा माझा हिशेब असा झाला: पाण्यातले बूट, चालायचे बंद बूट, संध्याकाळच्या सपाट चपला आणि रबरी चपला. पाचवा जोड निव्वळ ओझं. कमी पडले ते पोहण्याचे कपडे. निदान दोन जोड हवेत, ओला स्विमसूट सकाळी पुन्हा अंगात चढवण्यासारखा त्रास नाही.

दिवस सातवा: मायामी

सकाळी सातला जहाज धक्क्याला लागलं. नवऱ्याचा बोर्ड पावती दाखवून परत मिळाला. त्या टेबलाशी रांग बरीच मोठी होती, इस्त्रीवाल्यांची जास्त. जहाजावरचं फळ किंवा सँडविच खाली उतरवू देत नाहीत, कुत्रा वास काढत फिरतो. बंदरांवर उचललेले प्रवाळाचे तुकडे तर आणूच नयेत, ते बेकायदेशीर आहे आणि कस्टम्स बरोबर विचारतं.

बॅगांच्या दालनात शेकडो काळ्या बॅगा रांगेत उभ्या होत्या. आमच्यांना केशरी फीत बांधलेली, त्यामुळे दोन मिनिटांत सापडल्या. मग तिथल्याच बाकावर बॅगा पुन्हा उघडाव्या लागल्या, कारण आता पुढे विमान होतं आणि विमानाचे नियम जहाजाच्या उलटे. पॉवर बँक मोठ्या बॅगेत चालत नाही, ती हातात घ्यायची. शंभर मिलिलिटरपेक्षा मोठी सनस्क्रीनची बाटली हातातल्या बॅगेत चालत नाही, ती मोठ्या बॅगेत टाकायची. मावशीच्या पर्समधली छोटी कात्रीही मोठ्या बॅगेत गेली. दहा मिनिटं लागली.

विमानाचं तिकीट आम्ही दुपारी अडीचचं काढलं होतं. उतरायला, पासपोर्टच्या रांगेला आणि विमानतळ गाठायला मिळून साडेतीन तास लागले, तेव्हा सकाळचं तिकीट काढायच्या भानगडीत पडू नका.